सोयाबीनचं हमीभाव खरेदी केंद्र: भाव पक्का, पण थांबायची ताकद पाहिजे

भावाबद्दल आधी सांगतो कारण त्यात तक्रारच नाही. 2024-25 ला सोयाबीनचा हमीभाव 4892 रुपये क्विंटल होता आणि त्याच टायमाला आमच्याकडं आडतीवर चार हजार, माल एकदम कडक वाळलेला असला तर सव्वाचार, म्हणजे 20 क्विंटल माल असला तर तेरा ते अठरा हजाराचा फरक, हरभऱ्याचं बियाणं आणि खत त्यात निघून जातं. म्हणून आमच्या तालुक्याच्या केंद्रावर माल घातला.

काट्याला फुल मार्क. इलेक्ट्रॉनिक काटा, आकडा समोर दिसतो, पावतीत कसलीही कपात नाही, पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यावर. नोंदणीला आधार, सातबारा, पासबुक आणि सातबाऱ्यावर सोयाबीनचा पेरा लागतो, त्यामुळं ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून सातबाऱ्यावर पेरा नोंदवायचं काम, राहिली असेल तर तिथंच गाडी अडते. बटईनं करणाऱ्याचं तर फारच अवघड, घाम त्याचा आणि सातबारा मालकाचा, मालक तयार झाला तरच माल केंद्रावर जातो.

आता खरं दुखणं म्हणजे ओलावा. नियम 12 टक्क्यांचा. पोत्याच्या मधून मूठभर दाणे काढून मशीनमध्ये टाकतात, माझ्या ट्रॉलीतल्या वरच्या कट्ट्याला 11.6 आलं आणि खालच्याला 13.1, माल एकाच खळ्यावरचा. काढणीला पाऊस लागला की 12 च्या आत आणायला ऊन पाहिजे, ताडपत्री पाहिजे, जागा पाहिजे, दोन एकरवाल्यानं हे कुठून आणायचं? नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्र सरकारनं मर्यादा 15 टक्के केली, निर्णय चांगलाच होता, पण तोवर गावातल्या कित्येकांनी दिवाळीसाठी माल आडत्याला देऊन टाकला होता. तो निर्णय काढणीच्या तोंडावर यायला पाहिजे होता.

नंतर बारदाना संपला. नोंदणी झालेली, मेसेज आलेला, ट्रॉलीचं भाडं चालू आणि केंद्रावर पोती नाहीत म्हणून खरेदी बंद. त्या सीझनला हे राज्यभर झालं. हंगामात किती पोती लागतील हे नोंदणीच्या आकड्यावरून आधीच कळतं, मग ही अडचण यायलाच नको होती, याचा मला मनापासून राग आहे.

काहीजण म्हणतात खरेदीपेक्षा थेट पैसे द्या. 2023 च्या खरिपाला कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी 5000, दोन हेक्टरची मर्यादा, असं अर्थसहाय्य सरकारनं दिलं, ते 2024 मध्ये खात्यावर आलं. सोयाबीनला जास्तीत जास्त दहा हजार, उत्पादन कितीही असो. मदत झाली, नाही असं नाही, पण भाव पाडून माल घेणारा व्यापारी त्यानं थांबत नाही. केंद्र वेळेवर चालू असलं की आडतीवरचा भावसुद्धा थोडा वर सरकतो, म्हणून मला खरेदीच बरी वाटते.

2025-26 साठी 5328 जाहीर झाले. भावाला पाच स्टार, सेवेला दोन, तेही काट्यामुळं. जायचं असेल तर ई-पीक पाहणी आधी उरका, नोंदणी सुरू होताच करा, माल चाळून मातेरं काढून न्या, प्रत्येक कट्ट्याचा ओलावा घरीच बघून घ्या आणि काट्याची पावती हातात पडल्याशिवाय केंद्रावरून निघू नका, पैसे यायला उशीर झाला तर तीच दाखवावी लागते.