आधी रेम्ब्रांट की आधी व्हर्मीर?

अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये सतराव्या शतकातल्या या दोन डच चित्रकारांची गाजलेली चित्रं आहेत: रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’ (१६४२) आणि व्हर्मीरचं ‘मिल्कमेड’ (साधारण १६६०). चित्र पाहायला नव्यानेच शिकणाऱ्याने सुरुवात व्हर्मीरपासून करावी, असं मला ठामपणे वाटतं.

‘नाइट वॉच’ हे नगररक्षकांच्या तुकडीचं चित्र साडेचार मीटर रुंद आहे. भाले, बंदुका, ढोल, झेंडा, सगळीकडे धावपळ. माणूस दिपून जातो, पण नजर कुठे टेकवावी हे कळत नाही. शिवाय १७१५ मध्ये नगरभवनाच्या भिंतीवर बसावं म्हणून ते कडेने कापलं गेलं, त्यामुळे मूळ मांडणी आज पूर्ण दिसतच नाही.

‘मिल्कमेड’ची उंची जेमतेम दीड फूट. एक बाई दूध ओततेय, एवढंच. पण थांबून पाहा. मागच्या उघड्या भिंतीत खिळा आहे, त्याची सावली आहे, जुन्या खिळ्यांची भोकंही आहेत. खिडकीची एक काच फुटलेली. पावावर रंगाचे बारीक ठिपके, त्यांनीच कवच खरखरीत वाटतं. निळ्या वस्त्रासाठी लाजवर्द या निळ्या दगडापासून केलेला महागडा रंग, तोही मोलकरणीच्या अंगावर! भिंतीवर व्हर्मीरने आधी सुरया टांगायची फळी काढली होती, मग ती रंगाखाली झाकली. काय गाळायचं हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

अशी नजर बसली की ‘नाइट वॉच’कडे वळा. कॅप्टनच्या पुढे केलेल्या हाताची सावली लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडलीय, ती आधी शोधा. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर दोन्ही चित्रं खूप मोठी करून बघता येतात.