छोट्या होडीसाठी फिश फाइंडर: चार इंची, सात इंची की फुरुनो?

फिश फाइंडर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून खोली आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, घ्यायला दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "किती वॅटचं देऊ?" मुंबईच्या छोट्या होडीला हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. वर्सोवा, मढ, वरळी की करंजा, कुठूनही निघा, वीस वावांच्या म्हणजे साधारण 36 मीटरच्या आत बहुतेक काम उरकतं. एवढ्या पाण्याला 200 वॅटही पुरून उरतात. विचारायचं ते वेगळंच: मासा कुठला धरता, आणि ट्रान्सड्यूसर (यंत्राचा आवाज सोडणारा आणि परत ऐकणारा भाग) होडीत कुठे बसणार?

माशाचं आधी. यंत्र आवाज सोडतं, तो समुद्राच्या पाण्यात सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो आणि आदळून परत येतो. माशाच्या मांसावरून तो फारसा परतत नाही. परततो तो मुख्यतः पोटातल्या हवेच्या पिशवीवरून. घोळीला जिच्यामुळे सोन्याचा भाव येतो तीच पिशवी यंत्रालाही दिसते. त्यामुळे घोळ, कोथ, ढोमी, शिंगाळा ठसठशीत उमटतात, बांगड्याचा थवाही. बोंबलाला मात्र ही पिशवी नसते, मोठ्या पापलेटला नसते, सुरमईलाही नाही. सुरमईच्या मागावर असाल तर पडद्यावर शोधायचा तो तिच्या खाद्याचा, बारीक माशांचा थवा. आणि खुंटाला बांधलेली डोल (पिशवीसारखं जाळं) लावत असाल, तर मासा प्रवाहाबरोबर जाळ्यात येणार. यंत्राने दाखवून काही फरक पडत नाही. तिथे खोली आणि जीपीएस एवढंच कामाचं, तेव्हा मोठ्या यंत्रावर पैसे घालू नका.

आता तीन पर्याय.

चार इंची, जीपीएससह: उदाहरणार्थ गार्मिन स्ट्रायकर व्हिव्हिड 4सीव्ही. पडदा 4.3 इंची. यात नकाशा नाही, पण खुणा साठवता येतात. जाळ्याचा बावटा, प्रॉन्ग्ज दीपगृहाजवळचा खडक, खाडीच्या तोंडावरची वाळूची दांडी, एवढ्यांना तेवढं पुरतं. वीज अगदी कमी, पाव अँपिअरच्या आसपास. 7 अँपिअर-तासाची छोटी बॅटरी अर्धीच वापरली (लेड-ॲसिड बॅटरी त्याखाली उतरवू नये) तरी बारा तास सहज निघतात. खोट एकच: दुपारच्या उन्हात चार इंचांवरचे बारीक ठिपके लांबून दिसत नाहीत. सुकाणावर बसणारा पडद्यापासून हातभर अंतरावर असेल तरच घ्या.

सात इंची, साइड स्कॅनसह (होडीच्या दोन्ही बाजूंचा तळ दाखवणारी सोय): लोरान्स हूक रिव्हील 7 ट्रिपलशॉट हे या वर्गातलं. बाजूची चित्रं 455 आणि 800 किलोहर्ट्झवर निघतात. गढूळ पाण्याने कॅमेऱ्यासारखी अडचण होत नाही, पण ठाणे खाडीसारख्या चिखलपाण्यात तरंगता गाळ या वारंवारतेला धुरळ्यासारखा दिसतो. खडप, बुडालेलं जाळं, जुन्या पडावाचा सांगाडा शोधायला उत्तम. रोज त्याच जागी जाळं टाकणाऱ्याला वर्षातून दोनदाच लागणारी गोष्ट.

फुरुनो एफसीव्ही-628: धंद्याचं यंत्र. पडदा 5.7 इंची, 600 वॅट, 50 आणि 200 किलोहर्ट्झ. योग्य ट्रान्सड्यूसर जोडला तर तळ चिखल आहे, वाळू आहे की खडक हे सांगतं आणि माशाच्या लांबीचा अंदाजही देतं. आत जीपीएस नाही, वेगळं जोडावं लागतं. दोन-तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि डायनामो असलेल्या, खोल जाणाऱ्या होडीला शोभतं, ओबीएमवाल्याला (मागे बाहेरून इंजिन लावणाऱ्याला) नाही.

50 की 200 किलोहर्ट्झ? 50 वर आवाजाचा शंकू साधारण 45 अंशांचा, म्हणजे 20 मीटर पाण्यात तळाशी साडेसोळा मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. 200 चा शंकू 20 अंशांचा धरला तर पट्टा 7 मीटरचा, पण चित्र स्वच्छ. उथळ पाण्यात 200 च लावा. आवाजाचा ठोका जेवढा लांब, तेवढे जवळजवळचे मासे एकात मिसळतात: 1 मिलिसेकंदाच्या ठोक्यात पाऊण मीटरचं अंतरही ओळखू येत नाही, 0.1 ला 7-8 सेंटीमीटर पुरतात. तळाला चिकटलेली ढोमी म्हणूनच लांब ठोक्यात गायब होते.

सगळं बिघडतं ते बसवण्यात. मागच्या फळीवर लावलेला ट्रान्सड्यूसर वाळूवर होडी ओढताना आपटतो, जाळं ओढताना त्यात अडकतो. लावायचाच तर उलटा वळणारा ब्रॅकेट घ्या, इंजिनच्या पंख्यापासून किमान 38 सेंटीमीटर लांब, पाती खाली जातात त्या बाजूला. फायबरच्या होडीत ट्रान्सड्यूसरचा तळ होडीच्या बुडापासून 3 मिलिमीटर खाली राहू द्या. वर राहिला तर बुडबुडे त्याच्यावरून जातात आणि होडी वेगात आली की चित्र तुटतं.

होडीचं बूड भरीव फायबरचं असेल तर आतून चिकटवणं आम्हाला बरं वाटतं. जाळं अडकायचा प्रश्नच मिटतो. लाकडातून किंवा फोम-प्लाय भरलेल्या बुडातून आवाज जात नाही. चिकटवण्याआधी चाचणी घ्या: प्लॅस्टिकच्या पिशवीत पाणी भरा, ट्रान्सड्यूसर त्यात बुडवा, पिशवी आत ओल्या बुडावर दाबा. आता बाहेर काठावरून पाण्यात धरून आलेली खोली आणि ही खोली जुळते का बघा. जुळली तर आतला रंग घासून काढा, संथ सुकणारा इपॉक्सी गोंद ओता, एकही बुडबुडा राहू देऊ नका. सिलिकॉन चालत नाही. साइड स्कॅन मात्र आतून नीट चालत नाही, त्यामुळे सात इंची घेऊन आत चिकटवलं तर जादा पैसे पाण्यात. पाण्याचं तापमानही मिळत नाही.

वायर कापून लहान करू नका, जादा लांबी मोठ्या वेटोळ्यात बांधा. 3 अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ, जोड टिन केलेल्या तांब्याच्या तारेचे. खाऱ्या हवेत हिरवा झालेला जोड म्हणजे अर्ध्या समुद्रात काळा पडदा.

पडद्यावरची माशाची चित्रं बंद करा. भरतीबरोबर येणाऱ्या, हवा अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनाही ती बेधडक मासा ठरवतात. चालत्या होडीखालचा मासा पडद्यावर कमानीसारखा उमटतो; होडी नांगरलेली असेल तर कमान उमटत नाही, थांबलेला मासा लांब आडवी रेघ होतो; ती बिघाड समजू नका.

बिल करण्याआधी विचारा: ट्रान्सड्यूसर किमतीत धरला आहे का? धंद्याच्या यंत्रांत तो बहुधा वेगळा असतो, आणि कोणता मिळणार यावरच तळ ओळखण्याचं आणि लांबी मोजण्याचं फीचर चालतं की नाही हे ठरतं.