सगळ्यांची हत्यारं, नऊ महिन्यांनी: फळी, लाल चिठ्ठी आणि दंडाचा डबा

गेल्या खंडेनवमीला आमच्या शेडमधली सगळी हत्यारं एका सतरंजीवर मांडली होती. पुण्यात आम्ही तीसेक जण मिळून सुतारकामाची एक सामायिक शेड चालवतो. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत शिकवतं, दोघी आर्किटेक्ट, काही कॉलेजची मुलं, आणि आयुष्यभर सुतारकाम केलेले एक मिस्त्रीकाका. झेंडूची फुलं, हळद-कुंकू, सगळी तयारी झाली होती. काका एकेका हत्याराला कुंकू लावत सरकत होते. अर्ध्या इंची पटाशीपाशी, म्हणजे लाकूड तासायच्या छिन्नीपाशी, त्यांचा हात थांबला. धारेला दोन खांडे पडलेले आणि टोकाला वाळलेला निळा ऑइलपेंट. कुणीतरी तिने रंगाचा डबा उघडला होता. "हिला आधी पाजवा, मग पूजा," एवढंच म्हणून काका पुढच्या हत्याराकडे वळले.

त्या दिवशी बघितलं तर धड कापणारी पटाशी एकही निघाली नाही. राउटरचे, म्हणजे लाकडात खाचा पाडणाऱ्या मशीनचे, बिट (फिरणारी पाती) जळून काळे पडलेले, एका रंध्याचं पातं कोपऱ्यात तुटलेलं. संध्याकाळी तिथेच बसून आम्ही तीन गोष्टी ठरवल्या: भिंतीवर हत्यारांची फळी, काही बिघडलं तर लाल चिठ्ठी, आणि नुकसान करणाऱ्याला दंड. आता आषाढ लागलाय. नऊ महिन्यांत यातलं काय चाललं आणि काय मोडीत निघालं ते लिहितो आहे. अशी शेड सुरू करू पाहणारे बरेच जण विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

दंडाचं आधी सांगतो, कारण तिथे आम्ही साफ चुकलो. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा ठेवला होता; जे मोडेल त्याची निम्मी किंमत त्यात टाकायची. पहिला महिना बरा गेला, डबा जवळजवळ रिकामाच. आम्हाला वाटलं, लोक जपून वापरायला लागले. डिसेंबरात भुशाची पिशवी रिकामी करताना तळाशी वर्तमानपत्राची पुडी सापडली. आत पाव इंची राउटर बिट, दोन तुकडे झालेला. ज्याच्या हातून तुटला त्याने गुपचूप गुंडाळून भुशात पुरला होता. दोन आठवड्यांनी दुसरा बिट तसाच, त्याच जागी तुटला. तेव्हा राउटर उघडून पाहिला, तर बिट धरणारं कोलेट झिजलेलं. बिट त्यात घट्ट बसतच नव्हता. मिनिटाला वीस हजारांहून जास्त फेरे घेणारा तो तुकडा कुणाच्या डोळ्यात गेला असता तर? पहिला बिट तुटला त्या दिवशी आम्हाला कळलं असतं, तर कोलेट तेव्हाच बदललं असतं. आमच्या दंडाने ती बातमी दाबली, याचं मला अजूनही वाईट वाटतं. त्याच आठवड्यात दंड बंद केला. डबा तोच आहे, आता त्यात कोऱ्या लाल चिठ्ठ्या असतात.

जानेवारीत माझ्याच हातून मोठं नुकसान झालं. पुण्यात जुने वाडे पाडले की त्यांचं सागवान विकायला येतं, आणि आमच्यातल्या निम्म्या लोकांचा जीव त्या लाकडावर. मीही एक जुना वासा आणला होता, देवघराच्या चौकटीसाठी. वरवर खिळे उपटले, हात फिरवून पाहिला आणि टेबल सॉवर, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीवर, घातला. आत मोडून राहिलेला एक खिळा होता. कर्कश आवाज आला, ठिणगी उडाली. मशीन बंद करून पातं थांबल्यावर पाहिलं, तर पात्याचे कार्बाइडचे (कठीण धातूचे) तीन दात उडालेले. मी चिठ्ठीवर तारीख, हत्यार, काय झालं ते लिहिलं, खाली नाव लिहिलं आणि मशीनच्या स्विचला अडकवली. रागावलं कुणीच नाही. रविवारच्या चहाला त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि वर्गणीतून हातात धरायचा छोटा मेटल डिटेक्टर घेतला. तेव्हापासून जुनं लाकूड चारही बाजूंनी डिटेक्टर फिरवल्याशिवाय मशीनवर चढत नाही, आणि त्यासाठी पातंही वेगळं आहे. तसंही सागात वाळूसारखी सिलिका असते, ती चांगल्या पात्याची धार लवकर खाते. नियम लागू झाल्यापासून खिळ्यावर पातं गेलेलं नाही. डिटेक्टरने मात्र बरेच खिळे पकडून दिले. त्यातले काही इतके खोल होते, की नुसत्या डोळ्यांना ते कधीच दिसले नसते.

फळीबद्दल लोकांना फार उत्सुकता असते, कारण ती दिसते छान. १९ मिलिमीटरचा प्लाय, पांढरा रंग, प्रत्येक हत्याराची काळी आकृती. कारखान्यांतून ही पद्धत जुनी आहे. तिचा फायदा एकच: संध्याकाळी कुलूप लावताना एक नजर टाकली की काय परत आलं नाही ते कळतं. गुण्या, मार्किंग गेज, ड्रिलची चावी असल्या बारीक वस्तू पूर्वी महिनोनमहिने सापडायच्या नाहीत, त्या आता सापडतात. पण बोथट पटाशीसुद्धा आपल्या आकृतीवर अगदी नीट बसते. नुसत्या फळीवर भिस्त ठेवून गप्प बसलो असतो, तर भिंत देखणी आणि हत्यारं निकामी अशी गत झाली असती. फळी करताना आकृत्यांभोवती थोडी मोकळी जागा ठेवा. आम्ही दाटीवाटी केली, त्यामुळे शेजारची पटाशी काढताना दुसरीची धार घासायची. उन्हाळ्यात अर्धी फळी उतरवून पुन्हा करावी लागली.

खरा फरक पडला तो शनिवार सकाळच्या धारेने. हे काकांचं डोकं. पटाश्यांचे दोन संच केले. दांड्याला पिवळी टेप असलेला संच कुणीही घ्यावा, अगदी पहिल्या दिवशी आलेल्यानेही. बिनटेपचा, चांगल्या पोलादाचा संच हवा असेल, तर आधी एका शनिवारी बसून दोन पटाश्या स्वतः पाजवायच्या. परीक्षा नाही, फॉर्म नाही. काका दगड पाण्यात भिजवून ठेवतात, शेजारी बसतात. पटाशीची पाठ दगडावर सपाट टेकवून आधी ती आरशासारखी करायची. मग पंचवीस अंशांचा उतार, शेवटी टोकाला जरा उभी धरून तीस अंशांच्या आसपास चार-सहा हात. दगडावर करडा चिखल साचतो, तो पुसायचा नाही, त्यानेच काम होतं. मागच्या बाजूला बोट फिरवून बारीक कंगोरा लागला की उलटी करून तो काढायचा. मग काका पाइनच्या तुकड्याची टोकाकडची बाजू पुढे करतात. "काप. ढकलू नकोस, काप." पहिल्यांदा ती पातळ साल गुंडाळत वर आली की माणसाचा चेहरा बदलतो. मी हे वीस-बावीस जणांच्या बाबतीत पाहिलंय. ज्याने पाऊण तास घालवून धार आणली, तो त्या पटाशीने रंगाचा डबा उघडत नाही, आणि दुसऱ्याला उघडूही देत नाही.

घाई झाली की ग्राइंडरवर पटाशी घासायचा मोह होतो. त्यात आमच्या दोन पटाश्या गेल्या. टोक निळं पडलं म्हणजे पोलाद तिनेकशे अंशांपर्यंत तापलं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. मग कितीही पाजवा, धार दोन घावांत जाते. आता ग्राइंडरपाशी पाण्याचं भांडं आहे आणि पटाशी तिथे फक्त काकांसमोर लावायची. हा नियम कुणाला जाचक वाटला नाही, कारण निळं पडलेलं ते टोक आम्ही फळीशेजारीच टांगून ठेवलंय.

लाल चिठ्ठीचं गणित साधं ठेवलंय. चिठ्ठी लागलेलं हत्यार कुणी वापरायचं नाही. नाव लिहिणं सक्तीचं नाही, पण कसं झालं ते लिहायचंच. बहुतेक जण नाव लिहितात. एका चिठ्ठीने लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरीवर सर्क्युलर करवत चालवून मोटर तापल्याचं कळलं, आणि जाड तांब्याची वायर आली. नोंदवहीचा मात्र काही उपयोग नाही. कोणी काय नेलं ते लिहायला लोक विसरतात, आणि विसरल्याबद्दल बोलण्यात वेळ जातो. ती मार्चपासून कोरी आहे.

पावसाळ्याची धास्ती होती. गेल्या वर्षी टेबल सॉच्या बिडाच्या पाटावर चहाच्या ग्लासांच्या गंजक्या गोल खुणा पडल्या होत्या. यंदा मृगाआधी पाट पॉलिश पेपरने घासून त्यावर मेणाचा हात दिला, पटाश्यांना शिलाई मशीनचं तेल पुसलं. चहासाठी दाराजवळ वेगळी फळी ठोकली. अजून तरी गंज नाही.

संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ अजून कच्ची आहे. तेव्हा काका नसतात, अनुभवी माणूस असेलच असं नाही, आणि बहुतेक लाल चिठ्ठ्या त्याच वेळेतल्या असतात. राउटर आणि टेबल सॉची किल्ली त्या वेळेत ज्यांना मशीन शिकवून झालंय त्यांच्याकडेच ठेवली आहे, पण हातहत्यारांना किल्ली कुठून लावणार? सध्या शिक्षिका असलेली एक सभासद आठवड्यातून दोन संध्याकाळी मुद्दाम थांबते. आणखी दोघं पुढे आले तर आठवडा भरेल.

चिकटवलेलं लाकूड दाबून धरणाऱ्या क्लॅम्पचं काहीच जमलेलं नाही. फेव्हिकॉल ओघळतो, स्क्रूच्या आट्यांत वाळतो, आणि पुढच्या माणसाला ते फिरवताना पक्कड घ्यावी लागते. मेण लावून पाहिलं, कागद घालून पाहिला, पाटी लावली. बावीस क्लॅम्पपैकी नऊ आज अडकलेले आहेत. या शनिवारी दगडांऐवजी कोमट पाण्याची बादली आणि तारेचे ब्रश मांडणार आहोत, आणि अडकलेला प्रत्येक क्लॅम्प मोकळा होईपर्यंत उठायचं नाही असं ठरलंय. सकाळी आठला.