तळ्यातल्या पेलेट खाणाऱ्या माशांसाठी हलका स्पिनिंग सेट: चार महिने वापरून

मी अलिबागकडचा. गरवायचं म्हणजे खडकावर उभं राहायचं, हातात नऊ फुटी रॉड आणि खाली भरपूर शिसं, एवढंच मला माहीत होतं. पावसाळ्यात समुद्रावर जाणं बंद झालं, तेव्हा मित्रानं नेरळजवळच्या एका शेततळ्यावर नेलं. तिथं दिवसाचे पैसे भरून गळ टाकायचा आणि धरलेला मासा किलोच्या भावानं घ्यायचा. तळं माशांनी भरलेलं होतं, पण पहिल्या दिवशी मला एकही लागला नाही. हे मासे तरंगत्या पेलेटवर, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्यांवर वाढलेले. वाटाण्याहून लहान गोळी, वजन जवळजवळ नाहीच. माझ्या जाड तंगुसाला बांधून फेकली की ती पायाशीच पडायची.

म्हणून हा सेट घेतला: साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा हलका स्पिनिंग रॉड, शिमानो सिएना 2500 रील आणि 0.25 मिलिमीटरचं मोनो, म्हणजे एकपदरी नायलॉनचा तंगूस.

आधी रीलबद्दल. या मासेमारीत सगळा भार ड्रॅगवर असतो, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की तंगूस सुटू देणाऱ्या रीलमधल्या ब्रेकवर. बारीक तंगुसावर दोन-अडीच किलोचा रूपचंद लागला की त्याला ओढून आणता येत नाही, पळू द्यावा लागतो. ड्रॅग लावायची माझी पद्धत सांगतो. लिटरभर पाण्यानं भरलेली बाटली तंगुसाच्या टोकाला बांधायची, रॉड उचलायचा आणि बाटली सावकाश खाली सरकेल इतपतच ड्रॅग घट्ट करायचा. साधारण एक किलो झाला. सिएनाचा ड्रॅग इथं झटके न देता सुटतो. चार महिन्यांत माशाच्या धावेत माझा तंगूस एकदाही तुटला नाही. सुरुवातीच्या रीलमध्ये यापेक्षा जास्त मला काही नको.

फेकण्यासाठी पाणी भरता येतो तो पारदर्शक गोल फ्लोट लावा. अर्धा भरला की शिसं न लावताही पंधरा-वीस मीटर जातो. त्याच्यापुढे चार फूट तंगूस, मग गळ. पेलेट कडक असतं, गळ टोचला की फुटतं. आम्ही सायकलच्या वॉल्व्हच्या रबरी नळीचे पातळ काप करतो. कापाच्या कडेतून गळ घालायचा आणि मधल्या भोकात पेलेट बसवायचं. गळ पूर्ण उघडा राहतो आणि गोळी तरंगत राहते. कणकेच्या गोळ्यावर मासे येतात, पण तो लहान मासे कुरतडून संपवतात.

रूपचंदचे दात एकदा जवळून बघाच. ओठ बाजूला केले की माणसासारखे चौकोनी दात दिसतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा मासा, बिया आणि फळं फोडून खाणारा. स्वस्तात घेतलेल्या एका पाकिटातले पातळ तारेचे तीन गळ त्यानं एका दुपारी चावून सरळ केले. तेव्हापासून मी लहान पण जाड तारेचा गळ वापरतो आणि त्याची उलटी नांगी पकडीनं दाबून टाकतो. मासा सोडवताना तोंड फाटत नाही.

पंगसनं मला बराच काळ चकवलं. पृष्ठभागावर वलयं उठली की मी तिकडे फ्लोट टाकायचो आणि काही व्हायचं नाही. तळ्याचे मालक काका म्हणाले, "दादा, तो खायला नाही आला, श्वास घ्यायला आलाय." पंगस हवेतूनही श्वास घेतो. वर येतो, एक घोट हवा घेतो आणि बुडतो. खाणाऱ्या माशाचा आवाज वेगळा, चुळूक-चुळूक असा सलग.

काका साडेचारला खाद्य टाकतात. पहिली दहा मिनिटं पाणी उकळल्यासारखं होतं. त्या गर्दीत टाकलात तर तिलापिया लागतो. वारा उरलेलं खाद्य एका कोपऱ्यात नेतो, प्लास्टिकच्या कडेला गोळ्यांची रेघ लागते. पाऊण तासानं तिथं मोठे मासे येतात, सावकाश, एकेक गोळी ओढत. त्या रेघेच्या थोडं पलीकडे टाकून फ्लोट हळूच आत आणायचा. गेल्या रविवारी असाच एक पंगस लागला. पहिल्या धावेत रीलवरचा निम्मा तंगूस गेला. काठाकाठानं मी त्याच्यामागे चालत गेलो. वीस मिनिटांनी जाळ्यात आला तेव्हा त्याचा आणि माझा, दोघांचाही दम गेला होता. ओल्या गोणपाटावर ठेवून गळ काढला. काकांनी काटा लावला: चार किलो दोनशे.

आता तक्रार. रॉडचं नाव मी लिहीत नाही, पण दुसऱ्याच खेपेला शेंड्याच्या कडीतली सिरॅमिकची रिंग निखळली. उघड्या धातूवर घासून तंगूस खरवडला जात होता. दुकानदारानं बदलून दिला नाही, मी नवी कडी चिकटवून घेतली. घेताना प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघा. कुठं अडकला तर तो रॉड घेऊ नका. बाकी रॉड हलका आहे, दिवसभर हात दुखत नाही, आणि लहान माशाची टोचही मुठीपर्यंत येते. दोन्ही मिळून साडेचार हजार गेले. नवीन शिकणाऱ्यानं रीलवर जास्त खर्च करावा, रॉडवर कमी.