वैमानिकाचे जॅकेट, बाईच्या मापाने

सदाशिव पेठेतील एका आतल्या गल्लीत जेन्ट्स टेलरचे जुने दुकान आहे. सफारी, सूट आणि शाळांचे गणवेश हे त्यांचे नेहमीचे काम असले, तरी जुन्या काळच्या वैमानिकांच्या पोशाखावरून बेतलेले जॅकेट आणि पँट मी यंदा त्यांच्याकडून शिवून घेतली. गेल्या वर्षी एका मॉलमधून मी याच धर्तीचे तयार लेडीज जॅकेट घेतले होते. त्याच्या खिशाचे झाकण उचलून पाहिले, तर खाली खिसाच नव्हता, कापडावर नुसती टीप मारलेली होती. तेव्हापासून असे जॅकेट घ्यायचे तर शिवूनच, हे मी ठरवले होते.

खिशाच्या बाबतीत माझा आग्रह एवढा असण्याचे कारण म्हणजे या पोशाखातली प्रत्येक गोष्ट गरजेतून आलेली आहे. सुरुवातीच्या विमानांत वैमानिक उघड्यावर बसत असे, आणि हजार मीटर वर गेले की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून चामडे, म्हणून मनगटाला आणि कमरेला घट्ट विणीची ताणणारी पट्टी, म्हणजे रिब, आणि सतत मान वळवून चहूकडे पाहावे लागे म्हणून कॉलरने गळा सोलवटू नये यासाठी रेशमी स्कार्फ. अमेरिकी लष्कराने 1931 साली स्वीकारलेल्या ए-2 जॅकेटात हे सारे नेमकेपणाने उतरले आहे: पुढे चेन, खांद्यावर पट्ट्या, आणि झाकण असलेले दोन खिसे. त्याच जॅकेटाचे चित्र घेऊन मी दुकानात गेले.

मास्टरांनी चित्र बराच वेळ न्याहाळले आणि म्हणाले, "ताई, हे जेन्ट्सचं कटिंग आहे. असंच्या असं शिवलं तर छातीवर ओढेल आणि कमरेत फुगेल." मग "टक दिसू देणार नाही" असे सांगून त्यांनी छातीचा टक, म्हणजे कापडाला आकार देणारी शिवलेली चिमटी, वेगळा न घेता योकच्या, म्हणजे खांद्याखालच्या आडव्या तुकड्याच्या, शिवणीतच जिरवला. समोरून पाहिले तर रेषा सरळ, पुरुषी दिसते. अंगावर मात्र जॅकेट माझ्या मापाने बसते. ही एक गोष्ट ज्याला जमली, त्याला हा पोशाख समजला असे मी म्हणेन. पुरुषाचे जॅकेट एक नंबर लहान घालून हे साधत नाही आणि कमरेत चापून बसवलेल्या लेडीज जॅकेटातही साधत नाही.

माप घेतानाची त्यांची एक गोष्ट मला विशेष आवडली. "गाडीचं हँडल धरल्यासारखे हात पुढे करा," असे सांगून त्यांनी पाठीचे माप त्याच अवस्थेत पुन्हा घेतले, आणि दोन्ही मुंढ्यांच्या मागे एकेक घडी सोडली. स्कूटर चालवताना ती घडी उघडते, उतरल्यावर आपोआप मिटते.

कापड मी रविवार पेठेतल्या कापडगंजातून आणले होते, जाड सुती ड्रिल, गडद तपकिरी. चामड्याचा मोह आवरला, कारण डिसेंबरात आपल्याकडे पहाटे 10-12 अंश असले, तरी दुपारी ऊन 28-30 अंशांवर जाते. दोन्ही कपड्यांना मिळून पावणेचार मीटर लागले. जॅकेटाची शिलाई 2,400 रुपये आणि पँटची 700. अस्तर धरता हा दर मला रास्त वाटला.

तयार जोडात वर आणि खाली एकच साइज मिळते, आणि माझ्यासारख्या अनेकींचे खांदे अरुंद आणि कंबर रुंद असते. अमेलिया इअरहार्ट यांनी 1932 साली एकटीने अटलांटिक ओलांडला आणि 1934 साली न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानातून स्वतःच्या नावाचे कपडे विक्रीस आणले, तेव्हा त्यांनी वरचे आणि खालचे कपडे वेगवेगळ्या मापांत घेता येतील अशी सोय ठेवली होती. विमान चालवणाऱ्या बाईला हे सुचावे, यात मला मोठे मर्म दिसते. (आपल्याकडे सरला ठकराल यांनी 1936 साली साडी नेसून जिप्सी मॉथ हे विमान उडवले, हेही येथे आवर्जून सांगायला हवे.)

उणिवा दोन आहेत. बारा दिवसांचा वायदा होता, कपडे तेविसाव्या दिवशी मिळाले, आणि मध्ये तीन खेपा फुकट गेल्या. दुसरी उणीव अधिक लागणारी होती: मनगटाची रिब सैल होती, आणि दोन धुण्यांत ती इतकी पसरली की सिंहगड रस्त्यावर सकाळी सातला वारा थेट कोपरापर्यंत शिरू लागला. या जॅकेटात रिब हा मुख्य भाग आहे, आणि तो बाजारात मिळेल तसा लावून चालत नाही. मास्टरांनी कुरकुर न करता, जादा पैसे न घेता ती बदलून दिली. नवी रिब घट्ट आहे, रंग मात्र अंगाच्या कापडापेक्षा एक छटा फिका आहे.

पँटबद्दल तक्रार नाही. कंबरपट्टी रुंद, पुढे दोन प्लेट, खिसे हात मनगटापर्यंत जाईल इतके खोल. जॅकेटाच्या डाव्या खिशात मोबाइल आणि गाडीची किल्ली, उजव्या खिशात घडी घातलेला स्कार्फ राहतो, आणि झाकण लावल्यावर बाहेरून फुगवटा दिसत नाही. पुढच्या थंडीसाठी लोकरी कापड मी आणून ठेवले आहे. या वेळी रिब आधी स्वतः ताणून पाहीन आणि मगच कापडाला कात्री लावू देईन.