ड्युओलिंगोवरची वेल्श आणि आयरिश: वर्णमाला सोबत घेऊन बसा

वेल्श बिनधास्त घ्या, आयरिश जरा जपून. ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपवरच्या या दोन अभ्यासक्रमांबद्दल थोडक्यात सांगायचं तर एवढंच. जाहिराती सोसायची तयारी असेल तर दोन्ही फुकटात होतात. दोन्ही इंग्रजीतून शिकवतात, आणि गोची नेमकी तिथे आहे. इंग्रजी माणूस जिथे अडखळतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मराठी माणसाने अडखळायचं कारणच नाही. पण हे ॲपला ठाऊक असायचं काही कारण नाही.

आयरिशचा अभ्यासक्रम 2014 मध्ये आला, वेल्शचा 2016 मध्ये. दोन्ही मूळ स्वयंसेवकांनी उभे केलेले. वेल्शमध्ये नवी भर घालणं कंपनीने 2023 मध्ये थांबवलं, त्यामुळे पुढे काही वाढेल या आशेवर राहू नका. जे आहे ते मात्र लक्ष देऊन केलेलं आहे. ओवेन नावाचा इसम आणि त्याची पार्सनिपं (गाजरासारखी कंदभाजी, वेल्शमध्ये ‘पानस’) पुन्हा पुन्हा भेटतात. वाक्यं विचित्र वाटतात, पण लक्षात राहतात.

आता मुख्य अडचण. आपल्याकडे शब्दाची शेपटी बदलते: घर, घरात, घराला. वेल्शमध्ये डोकं बदलतं. वेल्सची राजधानी कार्डिफ, तिचं वेल्श नाव ‘काइर्दीद’ (शेवटचा द जीभ दातांमध्ये ठेवून). ‘कार्डिफला’ म्हणायचं तर ‘इ गाइर्दीद’, ‘आणि कार्डिफ’ म्हणजे ‘आ ख़ाइर्दीद’ (ख घशात घासून), आणि ‘कार्डिफमध्ये’ म्हणजे ‘अङ् ङ्हाइर्दीद’. ॲप हे चारही शब्द वेगवेगळ्या वाक्यांत समोर टाकतं आणि उत्तर चुकलं की लाल पट्टी दाखवतं. इंग्रजीतून शिकणाऱ्याला ही निव्वळ लहर वाटते. तुम्ही मात्र पहिलीत घोकलेला क-वर्ग आठवा. क, ग, ङ आणि घासलेला ख़ एकाच ओळीत बसलेत. प बदलला तर ब, म्ह किंवा फ़ होतो. त बदलला तर द, न्ह किंवा इंग्रजी ‘थिंक’मधला थ. वर्ग सोडून कोणी बाहेर जात नाही. ‘मध्ये’ या अर्थाचा ‘अन’ क-पुढे ‘अङ्’ होतो, प-पुढे ‘अम्’, त-पुढे ‘अन्’च राहतो. हा तर सरळ सरळ परसवर्ण! अङ्क, अम्बा, अन्त लिहिणाऱ्याला यात नवीन काय आहे?

म्हणून पहिल्याच दिवशी एका कागदावर तीन रकाने करा: मृदू (क-ग, प-ब, त-द, ब-व, म-व), अनुनासिक (क-ङ्ह, प-म्ह, त-न्ह, ग-ङ, ब-म, द-न) आणि घासलेला (क-ख़, प-फ़, त-थ). कोणत्या शब्दानंतर कोणता रकाना लागतो ते धडे करताना पुढे लिहीत जा: ‘इ’ (ला) मृदू, ‘अन’ (मध्ये) अनुनासिक, ‘आ’ (आणि) घासलेला. एक गफलत मात्र सगळ्यांचीच होते. मृदू रकान्यात ग चक्क गायब होतो. ‘गार्द’ म्हणजे बाग, पण ‘ती बाग’ म्हणजे ‘अर आर्द’. शब्दकोशात ‘आर्द’ शोधून सापडत नाही. स्वरापासून सुरू होणारा शब्द मिळाला नाही, तर सुरुवातीला ग लावून पुन्हा शोधा.

दुसरी अडचण ‘हो’ची. वेल्श आणि आयरिशमध्ये ‘हो’साठी एकच शब्द नाही, क्रियापदच परत म्हणायचं. ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ हे मराठीत आपण दिवसभर करतो. आयरिशमध्ये ‘आहेस का?’ला ‘ता’ (आहे) किंवा ‘नील’ (नाही). वेल्शमध्ये ‘मी आहे’ असा हो असेल तर ‘अदू’, ‘तो आहे’ असेल तर ‘अदी’, ‘तिथे काही आहे का’ याला ‘ओइस’, आणि भूतकाळाला ‘दो’. ॲप मात्र इंग्रजी ‘येस’ दाखवून भाषांतर मागतं, आणि त्या ‘येस’मधून कोणता हो हवा ते कळत नाही. उपाय सोपा: प्रश्न मनात मराठीत म्हणा, मराठीतच उत्तर द्या, मग वेल्शकडे जा. मालकीचंही तसंच. ‘माझ्याकडे मांजर आहे’ हे वेल्शमध्ये जवळजवळ शब्दशः उतरतं: वेल्सच्या उत्तरेत ‘माइ गेन ई गाथ’, दक्षिणेत ‘माइ काथ गिदा वी’. उत्तरेच्या वाक्यात ‘काथ’चा ‘गाथ’ झालाय तो बघा. पुन्हा तोच मृदू रकाना.

उत्तर-दक्षिण हा भेद हलक्यात घेऊ नका. ‘आत्ता’ला उत्तरेत ‘रुआन’, दक्षिणेत ‘नाउर’ (वेल्श लिपीत हे दोन शब्द एकमेकांचे उलटे आहेत, हा योगायोग गमतीचा). दुधाला उत्तरेत ‘ख्लेव्रिथ’, दक्षिणेत ‘ख्लाइथ’; आजीला उत्तरेत ‘नाइन’, दक्षिणेत ‘माम-गी’. ॲप या दोन्हींची मिसळ करतं. कोणता भाग आपला, ते सुरुवातीलाच ठरवा. आणि इथे ‘ख्ल’ लिहिलं ते नाइलाजाने. जीभ ल-च्या जागी टेकवा, आवाज बंद करा आणि दोन्ही बाजूंनी हवा फुंका. क किंवा ख चा स्पर्शसुद्धा नको.

हे सगळं कशासाठी, याबद्दल ॲप फारसं बोलत नाही. ‘वेल्श’ हे नाव इंग्रजांनी दिलेलं. त्याच्या मुळाशी ‘परका’ असा अर्थ आहे. वेल्श लोक स्वतःला म्हणतात ‘कम्री’, म्हणजे एका मुलखातले सोबती. 1536 च्या कायद्याने वेल्श भाषेला कचेरीबाहेर काढलं, पण 1588 मध्ये विल्यम मॉर्गनचं वेल्श बायबल आलं आणि भाषा चर्चमध्ये तगली. 1847 च्या सरकारी अहवालाने वेल्श लोकांच्या मागासलेपणाचं खापर त्यांच्या भाषेवर फोडलं. त्या शतकात कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवायचे. तो पुढच्या ‘गुन्हेगारा’कडे जायचा आणि दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला मार. आयर्लंडमध्येही अशीच खुणेची काठी होती. तिथे 1845 नंतरच्या दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसं नेली, आणि सर्वांत जास्त घाव पश्चिमेच्या आयरिशभाषक भागावर बसला.

आजचं चित्र उफराटं आहे. आयर्लंडकडे स्वतःचं राष्ट्र आहे, 1937 च्या घटनेत आयरिश पहिली राजभाषा आहे, शाळेत ती जवळजवळ सगळे शिकतात. पण 2022 च्या जनगणनेत शाळा-कॉलेजबाहेर रोज आयरिश बोलणारे निघाले सुमारे 72 हजार. वेल्सला स्वतंत्र राष्ट्र नाही, तरी 2021 मध्ये 5 लाख 38 हजार लोकांनी वेल्श येते असं नोंदवलं. सत्ता आली की भाषा आपोआप सुधारते असं समजणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

आयरिशचा अभ्यासक्रम कमी पडतो तो उच्चारात. माणसाच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण 2023 मध्ये गेलं, यांत्रिक आवाज आला, आणि जाणकार नाराज झाले. ते बरोबरच आहे, कारण आयरिशमध्ये जवळजवळ प्रत्येक व्यंजन दोन प्रकारचं असतं. ‘बो’ म्हणजे गाय, ‘ब्यो’ म्हणजे जिवंत. ‘चूल’मधला च आणि ‘चिंच’मधला च वेगळे ऐकणाऱ्या मराठी कानाला हे पटकन कळतं, मात्र आवाज नीट असला पाहिजे. लिहिताना e किंवा i लागून आला की स चा श होतो, म्हणूनच ‘शॉन’. ‘ता’मधला त आपलाच दंत्य त आहे, ट म्हणू नका. शब्दाचं डोकं आयरिशमध्येही बदलतं: बाई ‘ब्यान’, पण ‘ती बाई’ म्हणजे ‘अन व्यान’. ‘कॉर्क शहरात’ म्हणजे ‘इ गॉर्की’, आणि इथे लिहिताना मूळ क तसाच ठेवून त्याच्या आधी ग लिहितात. वाचायचा फक्त ग.

प्रत्येक नवा आयरिश शब्द टॅंगलन (teanglann.ie) या फुकट संकेतस्थळावर ऐका. तिथे मन्स्टर, कॉनॉट आणि अल्स्टर अशा तिन्ही बोलींत माणसाच्या आवाजात उच्चार मिळतो. कानाला सवय म्हणून आयरिशसाठी टीजी फोर आणि वेल्शसाठी एस फोर सी या टीव्ही वाहिन्या लावून ठेवा. ॲपला दिवसाला पंधरा मिनिटं पुरेत. शब्द बोटाने निवडण्याऐवजी टाइप करा, नाहीतर डोकं बदललेला शब्द नुसता ओळखू येतो, लिहिता येत नाही. फोनवर आयरिश कळफलक आधीच घाला. ‘फ्यार’ म्हणजे माणूस, ‘फेर’ म्हणजे गवत, आणि लिखाणात दोघांत फरक फक्त e वरच्या एका तिरक्या रेघेचा.