क्रॅगसाइड की स्टँडन?

व्हिक्टोरियन काळाच्या उत्तरार्धातलं इंग्लिश घर बघायचंय आणि एकाच ठिकाणी जाणं जमणार असेल तर माझं मत स्टँडनला, पण आधी क्रॅगसाइडबद्दल सांगतो कारण ते प्रकरणच भन्नाट आहे. उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्बरलंडमधलं हे घर तोफा बनवणाऱ्या विल्यम आर्मस्ट्राँगचं, 1863 ला साधं छोटं सुरू झालं आणि मग 1869 पासून वास्तुविशारद नॉर्मन शॉ त्याला जोडतच गेला, गेबल (उतरत्या छपराखालच्या त्रिकोणी भिंती) काय, उंच धुराडी काय, सगळं डोंगरउतारावर रचलेलं. तळ्याच्या पाण्यावर वीज, 1878 ला गॅलरीत आर्क लॅम्प (विजेच्या ठिणगीवर चालणारा झगझगीत दिवा), 1880 ला संशोधक जोसेफ स्वानचे बल्ब, लिफ्टसुद्धा पाण्याच्या दाबावर! दिवाणखान्यातली संगमरवरी शेकोटी मात्र अती झालीये, नुसता पैशाचा माज.

स्टँडन दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्समधलं, जेम्स बील नावाच्या वकिलाचं, वास्तुविशारद फिलिप वेबने 1890 च्या दशकात बांधलं. इथे पण पहिल्यापासून वीज, पण कुठे मिरवणं नाही. वेबने जागेवरचं जुनं फार्महाऊस पाडलंच नाही, नवं घर त्याच्याशी जुळवून घेतलं, तिथलाच दगड, विटा, भिंतीवर कौलं. आत नक्षीकार विल्यम मॉरिसचे वॉलपेपर. दिवाणखान्यातल्या दिव्यांमागचे तांब्याचे पत्रे जवळून बघा, सूर्यफुलं उठवलीयेत त्यावर. राहायला कुठलं आवडेल विचाराल तर हेच.